माहेरच्या वळणावर

आमची गाडी बारा वर्षांची. स्वभावाने गरीब. साताऱ्यात पोवई नाक्याच्या भुयारी रस्त्यात ती कधी अडली नाही, राजवाड्यापुढच्या रविवारच्या गर्दीत नाही. बंद पडायची ती फक्त यवतेश्वरच्या घाटात, आणि घाटातसुद्धा एकाच वळणावर. यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्याला, आमच्या हिचं माहेर आहे. आता पुढचं सांगायला नको.

"माहेरी जायचं म्हटलं की बरी बंद पडते हो तुमची गाडी," पहिल्या रविवारी ही हसत म्हणाली. दुसऱ्या रविवारी हसली नाही. माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे परतीचा प्रवास. उतरताना तीच गाडी समर्थ मंदिरापर्यंत एक आचका न देता यायची.

ना धूर, ना आवाज. दुसऱ्या गिअरमध्ये चढता चढता इंजिन गप्प व्हायचं, गोष्ट सांगता सांगता आजोबांना डुलकी लागावी तसं. मग समोरचे सगळे दिवे एकदम लागायचे, स्टिअरिंग जात्यासारखं जड व्हायचं आणि ब्रेकवर दोन-तीनदा पाय दिला की तोही दगड. मी हँडब्रेक ओढायचा, हिने उतरून चाकामागे धोंडा लावायचा. तो धोंडाही ठरलेला होता. निघताना आम्ही तो कठड्याशी नीट ठेवून जायचो.

वळणावर चहाची टपरी आहे. वीस मिनिटं, दोन चहा, थोडा अबोला. मग चावी फिरवली की पहिल्या सेल्फला गाडी चालू! ही माझ्याकडे अशी बघायची की त्यापेक्षा गाडी चालू झाली नसती तर बरं, असं वाटे.

दरम्यान रस्त्यानं जाणारे सल्ले देऊन जात. पेट्रोलमध्ये पाणी आहे, कचरा आलाय, ही गाडी विका. एका यष्टीच्या ड्रायव्हरने तेवढा उपयोगाचा सल्ला दिला. "पावनं, चारी इंडिकेटर तरी लावा की!"

गॅरेजमध्ये मात्र गाडी तपासणीचे साहेब आलेल्या शाळेसारखी वागायची. एकाने बॅटरी बदलली. दुसऱ्याने प्लग आणि पेट्रोलचा पंप. तिसऱ्याने 'अर्थिंग' असं ठामपणे सांगून बॉडीला जोडलेल्या तारेचं हिरवं जंग खरवडून काढलं. जंग होतं हे खरं, पण पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा टपरीवर. इंजिन चालू असताना चेकचा, म्हणजे बिघाड सांगणारा, दिवा लागलेला नाही, म्हणजे सेन्सर ठणठणीत, यावर तिघांचं एकमत होतं.

चौथा गोडोलीकडचा वायरिंगवाला. पोरसवदा. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "बंद पडल्यावर किती वेळानं चालू होती?"

"वीस मिनिटं."

"म्हंजे गार झाल्यावर. आन् मागच्या मिस्त्र्यांनी बॅटरीची तार काढलेली?"

"प्रत्येकाने."

"मग गाडीनं लिहून ठेवल्यालं पुसलं की त्यांनी!"

या वेळी कुणी तार काढलेली नव्हती. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात त्याने स्कॅनर लावला आणि कोड आला, पी०३३५. क्रँक सेन्सर. इंजिनाबरोबर दात्यांची एक चकती फिरते. हा तिचे दाते मोजतो आणि पिस्टन कुठे आहे ते गाडीच्या संगणकाला कळवतो. त्यावरून ठिणगी कधी, पेट्रोल कधी, हे ठरतं. याने कळवायचं थांबवलं की संगणक समजतो, इंजिन फिरतच नाही, दोन्ही बंद. आमच्यातला सेन्सर जुन्या पद्धतीचा, आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं. तार कुठेतरी चिरलेली. तापली की फाकायची, गार झाली की पुन्हा चिकटायची. घरापासून त्या वळणापर्यंतचा चढ एवढाच तिचा दम. उतारावर इंजिनाला ओझंच नाही, त्यामुळे तिथे ती तेवढी तापत नव्हती.

"हे यांना खोटं वाटतंय," मी हिच्याकडे बोट करून म्हणालो.

पोराने सेन्सर काढला. अंगठ्याएवढा, तेलाने काळा. मीटरच्या दोन पिना लावल्या: ८७० ओहम. शेजारच्या चहावाल्याची किटली मागवून तिच्या झाकणावर त्याने तो ठेवला. आकडा हळूहळू चढू लागला. ९१०. ९८०. १०४०. आणि एकदम सगळे आकडे गेले, डाव्या कोपऱ्यात नुसता एक उरला.

"तुटली तार," तो म्हणाला. सेन्सर उचलून फुंकर घालत बसला, तसा आकडा परत आला.

ही वाकून बघत होती. "पुन्हा ठेवा बरं," म्हणाली. त्याने ठेवला. आकडा गेला. "अजून एकदा." तिसऱ्यांदाही गेला, तेव्हा कुठे माझी निर्दोष सुटका झाली. एवढ्या महिन्यांच्या अबोल्याच्या मानाने नवा सेन्सर फारच स्वस्त पडला.

पुढच्या रविवारी घाट चढलो. वळण आलं. इंजिन सुरळीत. पण टपरीवाल्याने लांबूनच गाडी ओळखून दोन कप मांडले होते, त्याच्या पोराने तर धोंडासुद्धा आणून ठेवला होता. इतकं झाल्यावर पुढे कसं जायचं? मी गाडी बाजूला घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वळणावर चावी स्वतःच्या हाताने फिरवून इंजिन बंद केलं.

हिने चहाचा कप हातात घेतला, बॉनेटकडे पाहिलं.

"बंद केलीत ती केलीत," म्हणाली, "आता चालू होईल ना?"