‘निवृत्त कारकुनाचा छंद’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बँकखात्याचा दरमहा ताळमेळ घालावा, म्हणजे आपल्या वहीतल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी ताडून जुळेल तिथे खूण करावी, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस येतो, शिल्लक अॅपमध्ये दिसते, नोकरदाराला वेळ नसतो, बचत खात्याचे व्याज दरमहा जमा होते हे विधान चुकीचे आहे आणि वही घेऊन खुणा करत बसणे हा ‘निवृत्त कारकुनाचा छंद’ आहे. व्याजाबाबत आपले बरोबर आहे. बहुतेक बँका ते तिमाहीने जमा करतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

‘कारकून’ हा शब्द मात्र मी सोडून देऊ शकत नाही. माझे वडील एका पतसंस्थेत ३१ वर्षे कारकून होते. एकदा ४० पैशांचा फरक राहिला म्हणून ते रात्री साडेनऊपर्यंत खतावणी, म्हणजे खातेवार नोंदींची वही, घेऊन बसले होते. मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून मला ते लख्ख आठवते. शेवटी सापडल्या त्या दोन चुका, एक जमेकडची आणि एक नावेकडची, दोन्ही हजारांच्या घरातल्या आणि एकमेकींना झाकणाऱ्या. फरक लहान म्हणून चूकही लहान असेल असे नाही, हे मी त्या रात्री शिकलो. ज्यांच्या अशा चिकाटीवर लोकांच्या ठेवींचा हिशेब उभा राहिला, त्यांचे नाव आपण हिणवण्यासाठी वापरावे, आणि तेही टोपणनावाआडून, हे मला अशोभनीय वाटते.

एसएमएस वाचू नका, असे मी कुठेही लिहिलेले नाही. लेख नीट वाचला असता तर हे दिसले असते. परंतु माझ्या आईच्या खात्यातून बंद केलेल्या एका विम्याचा ८४७ रुपयांचा हप्ता ११ महिने जात राहिला आणि त्याचे एसएमएस तिच्या बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर जात होते. पासबुक भरून आणून लाल पेन्सिलीने एकेक नोंद तपासताना तीच ओळ खुणेविना उरली. शिवाय एसएमएस येतो तो घडलेल्या व्यवहाराचा. जो परतावा आलाच नाही, त्याचा एसएमएस कोण पाठवणार? एटीएममधून पैसे न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत न केल्यास बँकेने पुढे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा आदेश आहे. पण रक्कम परत आली की नाही आणि भरपाई मिळाली की नाही, हे खातेदाराने स्वतः पाहिल्याशिवाय त्याला कसे कळणार?

अॅपमधली शिल्लकही बँकेच्या नोंदीपुरतीच असते. आपण दिलेला धनादेश तीन महिन्यांपर्यंत कधीही वटू शकतो, तोवर ती रक्कम खर्चायला मोकळी नाही. वेळेच्या सबबीवर मी काय बोलावे? मला महिन्याला अर्धा तास लागतो.

आपण मागील तीन महिन्यांचा खातेउतारा काढून एकदा खुणा करून पाहावे आणि न जुळणारी ओळ निघाल्यास येथेच कळवावे. मी अवश्य मदत करीन. तेव्हा कारकुनांविषयी लिहिताना मात्र भाषा सांभाळावी.