शेजाऱ्यांशी ओळख वाढवण्याचे खात्रीशीर उपाय (दार न उघडता)

नव्या घरात राहायला गेलात? अभिनंदन. आता शेजारपाजाऱ्यांशी ओळख व्हायला हवी, चार माणसं जोडायला हवीत, असं तुमच्या मनात येत असेल. घाबरू नका. त्यासाठी घराबाहेर पाऊलही टाकावं लागत नाही.

सुरुवात दाराच्या भिंगापासून करा. ते उगीच बसवलेलं नसतं. बाहेर निघायच्या आधी त्याला डोळा लावायचा. समोरचे कुलूप लावत उभे दिसले तर तसंच आत थांबायचं, चपला हातात घेऊन, श्वास रोखून. त्यांची लिफ्ट येऊन गेली की मग निघायचं. समोरचेही हेच करत असतात, त्यामुळे कधीकधी दोन्ही दारांमागे माणसं ताटकळत उभी आणि पॅसेजमध्ये शुकशुकाट, असं होतं. व्हायचंच. याला एकमेकांच्या प्रायव्हसीचा आदर करणं म्हणतात.

नाव विचारू नका. नाव कळलं की हाक मारावी लागते, हाक मारली की चौकशी करावी लागते, आणि चौकशी केली की उत्तर ऐकत उभं राहावं लागतं. त्यापेक्षा ‘पांढऱ्या गाडीवाले’, ‘कुत्रीवाल्या बाई’, ‘वरचे पाय आपटणारे’ एवढी ओळख पुरते. फोनमध्ये नंबर साठवायची वेळ आलीच तर ‘गळती पाचवा मजला’ असा साठवा. कामाचं तेवढं कळतं.

काही जुन्या वळणाची माणसं तुम्हाला सांगतील की लगत राहिलं की मैत्री आपोआप होते. या समजाला लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बराच हातभार लावला आहे. अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वसाहतीत त्यांनी दारोदार विचारपूस केली आणि १९५० साली निष्कर्ष छापले. एकाच मजल्यावर शेजारच्या दारात राहणाऱ्यांची मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांशी मात्र जेमतेम १० टक्के. जिन्याच्या तोंडाशी आणि टपालपेट्यांजवळ ज्यांचं दार, त्यांना तर वरच्या मजल्यावरचेही मित्र मिळाले. स्वभाव जुळले का, आवडीनिवडी जुळल्या का, हा भाग नंतरचा. आधी येता-जाता तोंड दिसायचं, आणि तेवढ्यावर काम व्हायचं. बिचाऱ्यांना जिना चढावा लागायचा, टपाल घ्यायला दाराबाहेर यावं लागायचं. आपण या सगळ्या गैरसोयींवर मात केली आहे. पत्र फोनमध्ये येतं, पार्सल दाराबाहेर ठेवून माणूस निघून जातो, आणि लिफ्टमध्ये कोणी भेटलंच तर वर बदलणारे आकडे असतात बघायला. ते बघूनही मजला आला नाही तर फोन काढा. रेंज नसली तरी काढा.

अख्ख्या इमारतीला एका सकाळी तुमचं नाव, फ्लॅट नंबर आणि खानदान कळावं असं वाटत असेल, तर गाडी फाटकात आडवी लावून वर निघून जा.

मुलांशी ओळख करायचा सोपा मार्ग म्हणजे ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’.

मीटिंगला जाऊ नका. गेलात तर भांडायला जा, आणि भांडण आटोपलं की कामाचा विषय निघायच्या आत उठून या.

आता मुख्य गोष्ट. ग्रूप. इमारतीच्या ग्रूपमध्ये तुमचा नंबर घातला की तुम्ही समाजाचा भाग झालात. पहाटे सुविचार टाकायचा, दुपारी औषधी पाल्याचे गुण, रात्री गुलाबाच्या चित्रावर ‘शुभ रात्री’. कोणाचा वाढदिवस असेल तर केकचं चित्र. कोणाच्या घरचं कोणी गेलं तर जोडलेले हात. हे हात फार उपयोगी असतात, आभाराला चालतात आणि श्रद्धांजलीलाही, आणि दोन्ही वेळा दोन मजले उतरून जावं लागत नाही.

ग्रूपमुळे समाज किती जवळ येतो याचा अनुभव मी परवाच घेतला. तो सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हालाही मार्गदर्शन होईल.

रात्री खाली कचरा टाकून वर येत होतो. फोन घरात चार्जिंगला. तिसऱ्या मजल्याच्या जरा वर लिफ्टने एक हिसका दिला आणि थांबली. दिवा गेला, पंखा गेला. मी घंटीचं बटण दाबलं. घंटी उत्तम वाजत होती, त्याबद्दल तक्रार नाही. लिफ्टमध्ये माणूस गुदमरत नाही, केबिनला हवेसाठी फटी असतात, हे मला वाचून माहीत आहे. पण अंधारात उभं राहिल्यावर वाचलेलं आठवायला वेळ लागतो. हाका मारल्या, दार ठोकलं, पुन्हा घंटी. पायाशी दाराच्या फटीतून पॅसेजच्या उजेडाची एक पट्टी दिसत होती. थोड्या वेळाने कुठलंतरी दार उघडलं. त्या पट्टीत निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर आल्या. थांबल्या. मी ओरडलो, ‘‘अहो, मी अडकलोय आत!’’ स्लिपर जराशा वळल्या आणि गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

मला वाटलं, वॉचमनला फोन करायला गेले.

त्या काळात आमचा समाज स्वस्थ बसलेला नव्हता. ग्रूपवर जे चाललं होतं ते मी नंतर, आंघोळ करून, सावकाश वाचलं. ‘कोण वाजवतंय ही बेल? टाइम बघा जरा.’ ‘मुलं असतील. आईबापांचं लक्ष नाही.’ त्यावर अंगठे. ‘लिफ्टच्या मेंटेनन्सबद्दल मी मागच्या मीटिंगमध्येच बोललो होतो, तेव्हा कोणी ऐकलं नाही.’ ‘तुमची थकबाकी किती आहे ते बोला आधी.’ मग त्या दोघांची बरीच जुंपली. मग एका हुशार माणसाने मतदान टाकलं: लिफ्टच्या बेलचा आवाज कमी करावा का? हो. नाही. सांगता येत नाही. ‘हो’ला दणदणीत बहुमत मिळालं. माझ्या बायकोने मध्ये विचारलं होतं, ‘अहो, आमचे हे खाली गेलेत, अजून आले नाहीत, कोणी बघितलं का?’ तिच्या प्रश्नावर कोणीतरी गुलाब टाकला होता. आणि या सगळ्याच्या खाली तिसऱ्या मजल्यावरून आलेला एक मेसेज: ‘आमच्या दारासमोरच वाजतेय. झोपेचं खोबरं झालं. प्लीज कोणीतरी बंद करा.’

कोणीतरी!

लिफ्ट आणि तुमचं दार यांच्यात तीन पावलांचं अंतर आहे हो. मला बाहेर ओढून काढायचं नव्हतं. मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टचं दार आपल्या हाताने उघडूच नये, त्याची ती त्रिकोणी चावी असते, ती माहितगार माणसानेच लावायची. कोणाचं शौर्य मागितलंच नव्हतं. ‘‘कोण आहे? थांबा, वॉचमनला सांगतो,’’ एवढं बोलायचं होतं. घाबरलेल्या माणसाला आधी तेवढंच हवं असतं. ते करायला चावी लागत नाही आणि ठराव तर नाहीच नाही.

शेवटी मला बाहेर काढलं ते एका पार्सलवाल्या पोराने. लिफ्ट येईना म्हणून तो जिन्याने चढत होता, आवाज ऐकून थांबला, दाराला तोंड लावून म्हणाला, ‘‘काका, ठीक आहात ना? जागेवर उभे राहा, आलोच.’’ आणि खाली धावत जाऊन वॉचमनला घेऊन आला. तो या इमारतीत राहत नाही. तो ग्रूपमध्येही नाही. तसं बघितलं तर त्याला लिफ्ट वापरायलाही बंदी आहे, तशी पाटी आपणच लावली आहे.

दुसऱ्या दिवशी मी ग्रूपवर लिहिलं की काल आत मी होतो. उत्तरं आली. जोडलेले हात. रडका चेहरा. ‘टेक केअर.’ आणि एक: ‘अरे, तुम्ही होतात का! आधी सांगायचं ना.’

आधी सांगायचं! कसं सांगायचं? घंटीनेच सांगत होतो की! आणि ‘तुम्ही होतात का’ म्हणजे काय? दुसरं कोणी असतं तर चाललं असतं? पोरं असती तर त्यांना तसंच अंधारात ठेवायचं होतं?

आता मार्गदर्शन पुरे, स्पष्टच बोलतो. शेजार म्हणजे हौस नाही. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं मेली. त्यातली बरीच एकटी राहणारी म्हातारी माणसं, बंद दारांच्या आत. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या दोन लगतच्या गरीब वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. ऊन तेच, गरिबी दोन्हीकडे, एकटे म्हातारे दोन्हीकडे. पण पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट. दुसरीत रस्त्यावर वर्दळ होती, माणसं एकमेकांच्या नजरेत होती. पहिलीत ओस घरं, आणि म्हातारी माणसं दाराबाहेर पडायला घाबरायची. त्याच वर्षी जानेवारीत जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून वाचलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच उपसून काढलं. बंब येईपर्यंत वेळ नसतो, आणि आजी कुठल्या खोलीत झोपते हे बंबवाल्याला माहीत नसतं. शेजाऱ्याला असतं. म्हणजे असायला हवं. आपल्याकडे असं काही झालं तर ढिगारा उपसायचा का यावर तुम्ही मतदान घ्याल, आणि ‘सांगता येत नाही’ला मतं पडतील.

चौथ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. त्यांचं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्यांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? मी काल जाऊन विचारलं. कोणाकडेही नाही. ‘‘कोणाला देणार?’’ म्हणाले. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तुमच्याकडेही नाही, कारण तुम्ही गुलाबं पाठवण्यात गुंतलेले असता. लाज वाटू द्या जरा! एका छपराखाली राहता, एका टाकीचं पाणी पिता, आणि भिंतीपलीकडे माणूस ओरडतोय हे कळल्यावर हातात फोन घेता!

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना एक सांगायचं आहे. ‘झोपेचं खोबरं’वाला मेसेज तुम्ही डिलीट केलात, तो मी त्याआधी वाचला होता. स्लिपर तर सकाळी दाराबाहेरच होत्या.