जेआरडी, कराची आणि ‘पहिलं हवाई टपाल’

१५ ऑक्टोबर जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: ‘१९३२ साली या दिवशी जेआरडी टाटांनी भारतातलं पहिलं हवाई टपाल कराचीहून मद्रासपर्यंत एकट्यानं नेलं. विमान लाकडी, रेडिओ नाही, जिवावरचं उड्डाण!’ तारीख बरोबर आहे आणि रेडिओ खरंच नव्हता. बाकीचं मात्र तपासायला हवं.

‘पहिलं’? नाही. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानं अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली होती. नियमित सेवाही आधीची: इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीचं लंडन–कराची टपाल १९२९ मध्ये सुरू झालं. टाटांच्या विमानांनी कराचीत उतरलेलं हेच विलायती टपाल पुढे दक्षिणेकडे नेलं.

‘एकट्यानं मद्रासपर्यंत’? जेआरडी अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तिथे त्यांचा टप्पा संपला. बल्लारीमार्गे मद्रासचा टप्पा ब्रिटिश हवाई दलाचे माजी वैमानिक नेव्हिल व्हिंट्सेंट यांनी उडवला. सेवेची योजना घेऊन टाटांकडे आले तेही हेच. त्यांचं नाव गाळणं हा या मजकुराचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

‘लाकडी विमान’ अर्धसत्य आहे. टाटांचं विमान ‘पस मॉथ’ जातीचं होतं. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर कापड, लाकूड पंखांत. धोकाही पंखांतच होता. खवळलेल्या हवेत वेग जास्त असला की पंख थरथरू लागत आणि थरथर वाढत जाऊन तुटत. १९३० नंतरच्या काही वर्षांत जगभरात अशी अनेक पस मॉथ हवेतच मोडली. म्हणून हवा खराब दिसताच वेग उतरवणं हा वैमानिकाचा पहिला उपाय.

आता ‘जिवावरचं उड्डाण’. ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. जुहूचं मैदान तेव्हा चिखलात जाई, म्हणून वैमानिक, मेकॅनिक आणि विमानं असं सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलत असे. मग घाट ओलांडणं आलंच. नैर्ऋत्येचा वारा डोंगरमाथा ओलांडला की पूर्वेला खाली कोसळतो. पुण्याहून पश्चिमेला निघालेलं विमान नेमकं माथ्याआधी या खाली ओढणाऱ्या हवेत सापडतं, आणि वर ढग टेकलेले. अशा वेळी माथ्याकडे सरळ न जाता तिरकं जायचं, म्हणजे उंची पुरली नाही तरी दरीकडे वळायला जागा उरते. दिशेसाठी नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढंच. ताशी १६० किलोमीटरनं जाताना ३० किलोमीटरचा आडवा वारा तासाभरात विमानाला तेवढंच, ३० किलोमीटर, बाजूला नेतो. कच्छच्या रणावर तर खूण म्हणून रेल्वेचा रूळही दिसत नाही.

असे पावसाळे काढूनही ही सेवा वेळेवर चालली. १९३३-३४ च्या सरकारी अहवालानं तिचा वक्तशीरपणा शंभर टक्के नोंदवला, तोही घाटातल्या पावसाळी महिन्यांचा उल्लेख करून.