‘भावना दुखावल्या की 295अ लागतोच’ हे खरं नाही

सरकारी विद्यापीठात चित्रावरून किंवा नाटकावरून गोंधळ झाला की एक ठरावीक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालतं, म्हणून तिथं भावना दुखावणारी कला चालणार नाही. भावना दुखावल्या की 295अ, म्हणजे भारतीय दंड संहितेतलं धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम, लागतोच. वाद चिघळण्याआधी प्रदर्शन बंद करणं हे कुलगुरूंचं कर्तव्य आहे. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि त्यांची किंमत विद्यार्थी मोजतात.

आधी पैशाचा मुद्दा. तो नेमका उलट दिशेनं लागू होतो. सरकारी विद्यापीठ राज्यघटनेच्या अनुच्छेद 12 नुसार ‘राज्य’ ठरतं, म्हणून विद्यार्थ्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं बंधन त्याच्यावर थेट येतं. खासगी गॅलरी एखादं चित्र लावायला नकार देऊ शकते. विद्यापीठाला अनुच्छेद 19(2) मधलं, म्हणजे अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्यासाठी घटनेनं दिलेलं कारण दाखवावं लागतं. तिथं सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशी आठ कारणं आहेत. ‘भावना’ हा शब्द त्यांत नाही. शिवाय निर्बंध कायद्यानं घातलेला हवा. कुलगुरूंचा तोंडी निरोप म्हणजे कायदा नव्हे.

आता 295अ. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 299 आलं, पण गाभा तोच राहिला: धार्मिक भावना दुखावण्याचा ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट’ इरादा. 1957 मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणजे ‘मला दुखावलं’ एवढं पुरेसं नाही, कलाकाराचा इरादा सिद्ध व्हावा लागतो. तो कुणाच्या नजरेनं तपासायचा, याची कसोटी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयानं 1940च्या दशकात घालून दिली: शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसावर काय होईल ते पाहायचं, जिथं तिथं धोका दिसणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसावर नव्हे. मार्च 2025 मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी पुन्हा उचलून धरली. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 173(3) नुसार ती पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं, 14 दिवसांत होते. पुढे न्यायालयाला दखल घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. अटकही आपोआप होत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, ते पोलिसांनी लिहून दाखवावं लागतं. ‘लागतोच’ या एका शब्दात या सगळ्या पायऱ्या गिळल्या जातात.

तिसरा मुद्दा, प्रदर्शन बंद करण्याचा, बडोद्यात कसा उतरला ते पाहा. 9 मे 2007. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत परीक्षेसाठी कामं मांडलेली होती. मांडलेलं काम परीक्षक बघतात, विद्यार्थ्याला प्रश्न विचारतात, गुण देतात. म्हणजे ती भिंत म्हणजे उत्तरपत्रिकाच. चित्रांनी धार्मिक भावना दुखावल्याचा आरोप करत बाहेरची माणसं आत घुसली आणि ग्राफिक्सच्या एका विद्यार्थ्याला पोलीस घेऊन गेले. पाच दिवसांनी जामीन मिळाला. कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून विभागाच्या संग्रहातल्या जुन्या भारतीय शृंगारकलेच्या प्रतिमा लावल्या. ते प्रदर्शन बंद करायला नकार दिला म्हणून प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. पुण्यात फेब्रुवारी 2024 मध्ये विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग उधळला गेला आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना.

गर्दीच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येत नाही, तिचं रक्षण करणं हेच राज्याचं काम, असं सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये एस. रंगराजन खटल्यात सांगितलं. 2019 मध्ये एक बंगाली चित्रपट अघोषितपणे चित्रगृहांतून उतरवला गेला, तेव्हा पश्चिम बंगाल सरकारला 20 लाखांची भरपाई द्यावी लागली. म्हणजे ‘शांततेसाठी बंद केलं’ हा बचाव महाग पडू शकतो.

मर्यादा आहेतच. खरी चिथावणी, खरी बदनामी यांवर कारवाई व्हायला हवी. पण कागदावर, क्रमानं.

विभागांनी हे आधीच करून ठेवावं: प्रत्येक कामाशेजारी शीर्षक, माध्यम आणि चार ओळींचं निवेदन, मार्गदर्शकाची सही, परीक्षेच्या दिवशी प्रवेशनोंद. तक्रार लेखी घ्यावी आणि विषयातल्या जाणकारांच्या समितीकडे पाठवावी. काम उतरवण्याचा आदेश आलाच, तर तो लेखी मागावा आणि हात लावण्याआधी मांडणीचे फोटो काढावेत. इथंच बहुतेकदा चुकतं: घाईत चित्र उतरवलं जातं, पुरावा जातो, आणि नंतर विद्यार्थ्याजवळ राहतं ते फक्त तक्रारदाराचं वर्णन. पोलीस आले तर हजर राहण्याची नोटीस आणि एफआयआरची प्रत मागावी. आत घुसलेल्यांविरुद्ध तक्रार विद्यापीठानंच त्याच दिवशी द्यावी, विद्यार्थ्यावर सोडू नये.