एलईडीला व्होल्ट नव्हे, करंट मोजून द्या

सध्या सगळीकडे फिरणारा एक दावा असा: बंद पडलेल्या टीव्हीतल्या बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीनला मागून उजेड देणाऱ्या, एलईडी पट्ट्या काढा, 12 व्होल्टच्या अडॅप्टरला जोडा, की फुकटात दिवा तयार. व्होल्टेज कमी, म्हणून धोकाही नाही. जुने सुटे भाग वापरावेत याबद्दल दुमत नाही, मी स्वतः तेच करतो. म्हणूनच हा सल्ला खटकतो. त्यापायी चांगल्या पट्ट्या जळतात.

‘12 व्होल्टवर लागते.’ बहुतेक पट्ट्या लागणारच नाहीत. पट्टीवरचे एलईडी सहसा सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक साखळीत, असतात आणि त्यांच्या व्होल्टेजची बेरीज होते. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. काहींच्या आत दोन चिप असतात, त्यांना 6. म्हणजे आठ एलईडींच्या पट्टीला 24 किंवा 48. परवा काढलेल्या अशाच एका पट्टीतला एक एलईडी गेलेला होता: एलईडीवरच्या पिवळ्या थराच्या (फॉस्फरच्या) मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. त्याच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा सोल्डर केला, बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट हवे तसे लावता येणाऱ्या पॉवर सप्लायवर) करंटची मर्यादा 50 मिलीअँपिअरला लावली आणि व्होल्टेज हळूहळू वाढवलं. 12 ला काळोख. 17 च्या आसपास उरलेले सातही मंद उजळले, 19 ला मर्यादा गाठली.

‘मग जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावा.’ खरी गफलत इथे आहे. एका टप्प्यानंतर व्होल्टेज जरासं वाढलं तरी एलईडीतला करंट भराभर चढतो. त्यात तापलेल्या एलईडीला तेवढ्याच करंटसाठी व्होल्टेज कमी पुरतं. अडॅप्टर मात्र व्होल्टेज तेच ठेवतो, म्हणून करंट वाढतो, एलईडी आणखी तापतो. टीव्हीतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) करंट स्थिर ठेवत होता, तुम्हीही कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच वापरा. छोट्या कामाला रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) चालतो: 3 व्होल्टवाल्या तीन एलईडींचा तुकडा 12 व्होल्टवर लावला तर 3 व्होल्ट उरतात. 33 ओहमचा, 1 वॉटचा रेझिस्टर टाकला की करंट 90 मिलीअँपिअरच्या आसपास राहतो.

आणि पट्टी लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवू नका. टीव्हीत तिची उष्णता मागचा पत्रा ओढून घेत होता. ॲल्युमिनियमची पट्टी द्या.

‘धोका नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. टीव्हीत अनेक पट्ट्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतील, तर बॅकलाइटला 100 व्होल्टच्याही वर डीसी मिळत असतो. पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही 300 व्होल्ट टिकून असू शकतात. आधी मल्टिमीटरने मोजा, मगच हात लावा. एलईडी बल्बमधला ड्रायव्हर उघडा वापरायचा विचारही नको, तो बहुतेकदा मेन्सपासून, म्हणजे घरच्या विजेपासून, आयसोलेटेड (वेगळा तोडलेला) नसतो. जुन्या स्क्रीनमधल्या काचेच्या बारीक नळ्या तर एलईडीच नव्हेत. त्यांत पारा असतो, त्या फोडू नका.

दाव्यात ज्यांचं नावही नाही, ते स्क्रीनमागचे डिफ्यूझरचे (उजेड पसरवणारे) दुधी कागद मात्र जपून काढा. परवाच्या पट्टीवर एकच कागद धरला आणि सात टोचणारे ठिपके विरून सलग मऊ उजेड पडला.