नाव पुकारलं की जन्माची ददात मिटली?

दर एप्रिलमध्ये अमेरिकेत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट होतो: संघ पाळीपाळीने, फेरीमागून फेरी, नवे खेळाडू निवडतात. आणि एक मजकूर फिरायला लागतो: ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं गेलं की जन्माची ददात मिटली, नाही पुकारलं तर खेळ संपला. सोबत दहा कोटी डॉलरच्या कराराचं चित्र. लाइनबॅकर, म्हणजे बचावातल्या पहिल्या रांगेमागे उभा राहून येईल त्याला आडवा करणारा गडी. त्याच्याच वाटचालीवर हा दावा तपासून बघू.

आधी पैसा. रोक्वान स्मिथने जानेवारी 2023 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सशी पाच वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार केला. मथळ्यात आला तो हाच आकडा. त्यातले सही करतानाच पूर्ण हमीचे होते 4.5 कोटी. हा तर अव्वल खेळाडू. पहिल्या फेरीत निवडलेल्यांचंही बरं चालतं, ते मान्य. पण सहाव्या-सातव्या फेरीतून आलेल्या पोराचा करार कागदावर चार वर्षांचा असला, तरी ऑगस्टअखेर 53 जणांच्या यादीत जागा मिळाली नाही तर हातात नारळ. त्या चार वर्षांच्या पगाराचं मग कुणी नाव काढत नाही.

‘निदान सही करताना मिळालेला बोनस तरी आपलाच.’ तेही नेहमी नाही. लाइनबॅकर क्रिस बोरलँड 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून एकच हंगाम खेळला, झकास खेळला, आणि डोक्याला बसणाऱ्या मारांच्या भीतीने 24 व्या वर्षी थांबला. बोनसचा बराच भाग त्याला परत करावा लागला.

‘एकदा जम बसला की पस्तिशीपर्यंत चिंता नाही.’ ल्यूक कीकलीचा जम बसला नव्हता असं कोण म्हणेल? 2013 चा सर्वोत्तम बचावपटू, आणि 28 व्या वर्षी निवृत्त. रायन शेझियरला डिसेंबर 2017 मध्ये समोरच्याला आडवा करताना मणक्याला दुखापत झाली, त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही.

आता दाव्याचा दुसरा अर्धा भाग, जो मला जास्त खटकतो. जेम्स हॅरिसनला 2002 च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. पिट्सबर्गच्या संघाने त्याला घेतलं, काढलं, पुन्हा घेतलं, पुन्हा काढलं. बाल्टिमोरने जर्मनीतल्या राइन फायर संघात धाडलं आणि नंतर त्यांनीही नारळ दिला. 2004 मध्ये पिट्सबर्गच्या एका लाइनबॅकरने व्यायाम करताना हात दुखावून घेतला, म्हणून याला परत बोलावणं आलं. 2008 मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराला 18 सेकंद उरलेले असताना, प्रतिस्पर्धी संघाच्या कर्ट वॉर्नरचा पास त्याने आपल्या गोलरेषेवर पकडला आणि मैदानाच्या कडेकडेने, अंगावर येणाऱ्यांना झटकत, 100 यार्ड, म्हणजे अख्खं मैदान, धावला. पलीकडे कोसळला तेव्हा घड्याळात शून्य होतं. बराच वेळ त्याला उठताच येईना.

सॅम मिल्सची गोष्ट तर याहून पुढची. उंची 5 फूट 9 इंच. ड्राफ्टमध्ये नाव नाही, क्लीव्हलँडने काढला, कॅनडातल्या टोरांटोनेही काढला. गडी शाळेत छायाचित्रण शिकवायला लागला. मग यूएसएफएल ही नवी लीग निघाली, तिथे चमकला, 1986 मध्ये न्यू ऑर्लिन्सने घेतलं आणि पुढे 12 हंगाम एनएफएलमध्ये काढले. 2005 मध्ये कर्करोगाने गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, नाव लागलं 2022 मध्ये.