मेल ॲप बंद पडतंय म्हणून फोन फॉरमॅट करू नका

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या ग्रुपांवर फिरणारा फॉरवर्ड असा: ‘मेल आल्यावर ॲप आपोआप बंद होत असेल तर फोन हॅक झालाय, बँकेचे पासवर्ड गेले. ॲप काढून पुन्हा टाका, नाहीतर फोन फॉरमॅट करा. अनोळखी मेल उघडलाच नाही तर काही होत नाही.’

पासवर्ड गेले, हे कशावरून? अँड्रॉइडच्या जुन्या ईमेल ॲपमधली सीव्हीई-२०१५-१५७४ ही त्रुटी बघा (सीव्हीई म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेला क्रमांक). मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक माहितीत, ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ नावाची ओळ असते. जोडलेली फाइल कशी दाखवायची, तिचं नाव काय, ते त्यात असतं. तिथे पुढे काहीच न लिहिता नुसता अर्धविराम टाकला की ४.२.२.०२०० ही आवृत्ती कोसळायची. पुन्हा उघडा, पुन्हा तोच मेल, पुन्हा बंद. चोरी काही नाही, फक्त मेल वाचणं ठप्प. पासवर्ड बदलायचा तर खुशाल बदला, ॲप त्यानं सुरू होणार नाही. मात्र काही वेळा कोसळण्यामागे मेमरीचा घोळ असतो आणि त्यातून बाहेरचा कोड घुसवता येऊ शकतो, म्हणून अपडेट टाळायचं नाही.

ॲप पुन्हा टाकण्याचा सल्ला तर निव्वळ घातक. खातं आयमॅप पद्धतीचं असेल (यात मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतात), तर तो ॲप पाडणारा मेल तिथेच बसलेला असतो. नवं ॲप पहिल्याच सिंकला, म्हणजे सर्व्हरशी मेल जुळवताना, तो परत उतरवून घेतं. फॉरमॅट केलेल्या फोनचंही तेच. कॉम्प्युटरवर पॉप-३ पद्धत असेल (यात मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवले जातात) आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढलेली असेल, तर जुन्या पर्चेस ऑर्डरी फक्त त्याच मशीनवर असतात. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचं प्रोफाइल (मेल साठवलेलं फोल्डर) किंवा आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल उडवली की त्याही गेल्या. आधी ती पेनड्राइव्हवर घ्या.

‘उघडला नाही तर काही नाही’ हेही खरं नाही. प्रिव्ह्यू पेन (यादीशेजारी मेल दाखवणारा कप्पा) चालू असला की यादीत मेल नुसता निवडला गेला तरी ॲप तो वाचतं. काही त्रुटी तर सिंक होतानाच उफाळतात.

करायचं ते एवढंच. ब्राउझरमधून वेबमेल, म्हणजे मेल कंपनीची वेबसाइट, उघडा, ॲप बंद पडायला लागलं त्या वेळच्या आसपास आलेला मेल शोधून काढून टाका, ट्रॅशमधूनही. वरच्या त्रुटीत दुसरी वाटही होती: फोन फ्लाइट मोडवर टाकून मग ॲप उघडायचं आणि मेल डिलीट करायचा. विंडोजवर क्लासिक आउटलुक असेल तर विंडोजच्या ‘रन’ या खिडकीत, इंग्रजी अक्षरांत, ‘आउटलुक.ईएक्सई’ लिहून एक जागा सोडा आणि ‘/नोप्रिव्ह्यू’ टाका; प्रिव्ह्यू बंद ठेवून आउटलुक उघडतं. मग मेल न उघडता शिफ्ट-डिलीट, आणि लगेच अपडेट.